लियाकतभाई, रात्री तीन थेंब

लिफ्टची वाट बघताना अंगठ्याने एकेक बोट चोळणं. करंगळीपासून सुरुवात. आज कुठलं बोट जागं आहे ते बघायला.

फ्रीज उघडण्याआधी हातमोजा घालणं. ओव्हनचा जाड हातमोजा तिच्याकडे फ्रीजच्या दांडीला लटकलेला असायचा.

फोन नंबर मराठीतून सांगणं. बावन्न, सदतीस, शून्य आठ. समोर फिलिपिनो मुलगी असली तरी आधी मराठीतून, मग जीभ चावून इंग्रजीतून.

भाव दिरहममध्ये वाचणं, मोठ्याने रुपयांत करणं, "लूट आहे लूट" म्हणणं आणि वस्तू ट्रॉलीत टाकणं.

उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिणं. लोणचं, फिनेल, खोकल्याचं औषध. कधी उघडलं, कुणासाठी, किती.

उरलेलं औषध कधीच न फेकणं.

अनुराधा हेमचंद्र देवस्थळी. वय चौपन्न. इथे आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर एकोणीस वर्षं. मी तिला अनुताई म्हणते. तिच्या नवऱ्याला काका. ती ताई आणि मी काका कसा, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर टायपिंग सेंटर आहे. मी तिथे व्हिसाचे आणि आयडीचे फॉर्म भरते. तीन वर्षांपूर्वी ती आयडीचं नूतनीकरण करायला आली. माझ्या टेबलावर मराठी पुस्तक पालथं पडलं होतं.

"काय शिकलीस गं?"

"एम.ए. मराठी."

"आणि भरतेस काय, तर लोकांच्या रक्तगटाचे रकाने!" ती हसली. मग तिला वाईट वाटलं असावं. संध्याकाळी ती वाटीभर मटकीची उसळ घेऊन खाली आली. वाटीवर पट्टी होती. "ईश्वरी. आजच खाणे."

तेव्हापासून मी रोज तिच्याकडे जायचे.

त्याच वर्षी तिला कर्करोग निघाला. पुण्यात शस्त्रक्रिया झाली, किमो इथेच. गाठ गेली. पण किमोनंतर हातापायांची बोटं गेली. गेली म्हणजे होती, पण तिची राहिली नव्हती. कधी बधिर, कधी आग. थंड वस्तू हातात घेतली की काच टोचल्यासारखं व्हायचं. इथल्या मोठ्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती दुपारभर पेंगायची आणि बोटं तशीच.

अनुताई शिवणारी बाई. धंदा नव्हता. बिल्डिंगमधल्या सगळ्या साड्यांचे फॉल ती हातानेच लावायची, आणि पुढून टाका दिसला तर उसवून पुन्हा लावायची. सुई धरता येईना तेव्हा ती रडली नाही. शिवणाचा डबा तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. पट्टीवर लिहिलं, "नंतर."

गेल्या जुलैत ती तपासणीला पुण्याला गेली. तिथे एका वैद्यांनी तिला विजयेचं तेल दिलं. विजया म्हणजे भांग, हे वैद्यांनी सांगितलं होतं आणि तिला ते आधीही माहीत होतं. तिथे ते वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. दुकानातून, बिल करून. तिने वैद्यांचा छापील कागद घेतला. त्यावर नोंदणी क्रमांक, शिक्का, सही. बिल घेतलं. दोन्ही कागद बाटलीभोवती गुंडाळून रबर लावलं आणि बाटली मोठ्या बॅगेत टाकली.

विमानतळावर कुणी अडवलं नाही. म्हणून चालतं, असं तिने धरलं.

मी हे लिहिताना थांबते. कारण मलाही तसंच वाटलं होतं. इथे आम्ही सगळेच असे. कुणी भारतात निघालं की ग्रुपवर विचारतो, बॅगेत जागा आहे का. कुणाला थायरॉइडच्या गोळ्या, कुणाला मूळव्याधीचं मलम, कुणाला लहान मुलाची गुटी. इथे डॉक्टरकडे गेलं की विम्यात बसत नाही, बसलं तरी आपला भाग भरावा लागतो. म्हणून सगळे आणतात, आणि उरलेलं अनुताईकडे जातं. तिच्याकडे बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा होता. त्याला सगळे दवाखाना म्हणत. फॉर्म भरणारी मी. कुठल्या औषधाला आधी परवानगी लागते, कुठलं परवानगीनेही चालत नाही, हे वाचणं माझं काम. मी ते कधी वाचलं नाही.

तेलाने फरक पडला. खोटं कशाला सांगू. तिसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ये इकडे. बघ." आणि तिने खिडकीजवळ सुईत दोरा ओवला. चौथ्या प्रयत्नात. काका टाळ्या वाजवायला लागले. ती म्हणाली, "अरे हेम, सुईत ओवलाय. चंद्रावर नाही गेले."

शिवणाचा डबा खाली आला. "नंतर"ची पट्टी तिने काढून फेकली.

लियाकतभाई दुसऱ्या मजल्यावर राहत. रत्नागिरीकडचे. एका कंपनीची माल पोचवणारी गाडी चालवत. बायको शहनाझ, मुलगी यम्ना दहा वर्षांची. अनुताईच्या किमोच्या महिन्यांत काका ऑफिसला गेले की शहनाझ वर येऊन बसायची. लियाकतभाईंनी तिला किती वेळा हॉस्पिटलात नेलं आणि आणलं, ते मोजलेलं नाही. पेट्रोलचं विचारलं की म्हणायचे, "ताई, गाडी कंपनीची, रस्ता शेखसाहेबांचा. माझं काय गेलं?"

सप्टेंबरात त्यांची कंबर धरली. गाडीत चढताना दरवाजा धरून मिनिटभर उभे राहायचे. झोप नाही. एका रविवारी दुपारी ते खुर्ची दुरुस्त करायला वर आले आणि वाकल्यावर उठता येईना. आम्ही दोघींनी धरून उठवलं.

"लियाकतभाई, हे काय चाललंय?"

"काय नाय ताई. म्हातारपण."

"बेचाळीस वर्षांचं म्हातारपण? डॉक्टरकडे जा."

"गेलो ना. तो बोलला, आराम करा. मी बोललो, आराम पण विम्यात बसतो काय?"

ती हसत हसत उठली. निळा डबा काढला. त्यातली एक रिकामी छोटी बाटली गरम पाण्याने धुतली, पुसली. मग स्वतःच्या बाटलीतलं तेल ड्रॉपरने त्यात घातलं. बाटली मी धरली होती.

"ताई, काय हाय हे?"

"आयुर्वेदिक आहे. माझ्या बोटांना उतार पडलाय. जिभेखाली टाका आणि झोपा. सकाळी ताजेतवाने."

भांगेचं आहे हे ती बोलली नाही. लपवावं म्हणून नाही. एवढ्याशा तेलात सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नाही. मलाही वाटलं नाही. तिने पट्टी फाडली, लिहिलं. "लियाकतभाई. रात्री तीन थेंब." पट्टी बाटलीवर अंगठ्याने दाबून बसवली.

डिसेंबरात माझ्या बहिणीचं लग्न होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी साडी अनुताईकडे दिली. आंब्याच्या मोहोराच्या रंगाची. ती म्हणाली, "किती दिवसांनी कुणी साडी दिली! सगळ्या बाया मला घाबरतात. आजारी बाईला काम कसं सांगायचं म्हणून." रोज एक हातभर फॉल लावायचा, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या आठवड्यात एका सोमवारी लियाकतभाईंच्या कंपनीने सगळ्या ड्रायव्हरांची लघवी तपासायला घेतली. अचानक. त्यांनी हसत हसत दिली. दारूला आयुष्यात न शिवलेला माणूस. संध्याकाळी ते घरी आले नाहीत. पोलिसांचा फोन आला, मग पोलीस आले.

मंगळवारी दुपारी मी सुट्टीच्या तासात वर गेले. अनुताई फॉल लावत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. दार वाजलं. शहनाझ होती. तिच्या ओढणीला इस्त्री नव्हती. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

"ताई, त्यांना धरलंय. नशा केली बोलतात."

"कुणाला? लियाकतभाईंना? वेड लागलंय का कुणाला?"

"त्या तेलात होतं, ताई."

अनुताईने सुई साडीत टोचून ठेवली. शहनाझने मूठ उघडली. तळहातावर पांढरी पट्टी होती. गुंडाळलेली, कडांना कापूस चिकटलेला. तिने ती नखाने सरळ केली. लियाकतभाई. रात्री तीन थेंब.

"पोलीस वर यायच्या आधी मी काढली. बाटली त्यांना मिळाली. ही नाय मिळाली. तुमचं अक्षर हाय. जाळून टाका."

"तू का नाही जाळलीस?"

शहनाझने पट्टी अनुताईच्या हातात दिली. मग म्हणाली, "माझ्या हातून झालं नाय."

मला तेव्हा ते फक्त प्रेम वाटलं. आता वाटतं, ते मागणंही होतं. एका मुठीत दोन्ही मावतं.

काका ऑफिसमधून तसेच आले. ते एका कॉन्ट्रॅक्टरकडे हिशेबनीस आहेत. आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी मोठी बाटली घेतली, तेल सिंकमध्ये ओतलं, वर भांड्यांचा साबण, वर गरम पाणी. अनुताई दारात उभी राहून बघत होती. मी तिच्या हातांकडे बघत होते. अंगठा करंगळीवरून फिरायला लागला होता.

"तू काही बोलायचं नाहीस," काका म्हणाले. "कुणी विचारलेलं नाही. आपण सांगायचं नाही. खलास."

सुयशचा फोन आला. त्यांचा मुलगा. तो टोरांटोला असतो. फोन स्पीकरवर होता. "आई, दॅट इज इन्सेन. इट्स लीगल हिअर. बेकरीच्या शेजारी दुकान आहे."

"अरे पण मी बेकरीच्या शेजारी राहत नाही ना," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी आम्ही देराला एका वकिलाच्या ऑफिसात गेलो. मी रजा घेतली होती. वकील कोर्टात होते. त्यांचा मदतनीस ओवेस भेटला. श्रीवर्धनचा. तो मराठीत बोलायला लागला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तो फार वेळ टिकला नाही.

ओवेसने वैद्यांचा कागद वाचला, बिल वाचलं, दोन्ही परत सरकवलं.

"ताई, इंडियात हा कागद चालतो. तुमच्या मुलाकडे दुकान चालतं. इथे दोन्ही नाही चालत. चिठ्ठी असली तरी नाही. कर्करोग असला तरी नाही."

"पण औषध आहे ते."

"औषध आहे म्हणून तर मी हळू बोलतोय. ऐका. स्वतःसाठी आणलं, पहिल्यांदाच, आजारी बाई आहे, एवढंच असतं तर कोर्ट काही ऐकून घेतं. दुसऱ्याला दिलं की ते वेगळं कलम. तिथे महिन्यांत नाही, वर्षांत मोजतात. आणि नंतर देशाबाहेर."

"मी पैसे नाही घेतले."

"फुकट दिलं तरी देणंच."

त्याने आकडे सांगितले. कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी. काकांनी ते डायरीत लिहिले. मी लिहिले नाहीत.

"आणि लियाकतभाई?" अनुताईने विचारलं.

"तुमचा फोन आला तेव्हाच मी ठाण्यात विचारलं. त्याने नाव घेतलेलं नाही. म्हणतो, पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसाने दिलं."

"यावर कोण विश्वास ठेवणार?"

"कुणीच नाही. उलट ते विचारणार, कोण माणूस, किती वेळा घेतलं, पुढे कुणाला दिलं. ड्रायव्हर आहे, दिवसभर माल पोचवतो. समजतंय ना?"

समजलं. तिने नाव सांगितलं तर तिच्यावर, नाही सांगितलं तर त्याच्यावर. तिच्याकडे तिच्या अक्षराची एक पट्टी होती आणि ती जाळायला काडीसुद्धा लागली नसती.

तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून टॅक्सीने आलो होतो. खाली येऊन आम्ही परतीच्या टॅक्सीची वाट बघत उभे होतो. ऊन डोळ्यांवर येत होतं. काका म्हणाले, "अनु, मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही."

"मागितलंयस की. रोज सकाळी चहा."

"चेष्टा नको."

"मग काय करू? हेम, तुला आठवतं, मला चौथ्या किमोनंतर गाडीत उलटी झाली? कंपनीच्या गाडीत. त्याने ती एकट्याने धुतली. तुला कळू दिलं नाही, मला लाज वाटेल म्हणून. तो आत्तासुद्धा तेच करतोय."

टॅक्सी आली. तिने हातमोजा विसरून दाराची धातूची दांडी धरली आणि हात झटकन मागे घेतला. दार काकांनी उघडलं.

बुधवारी दुपारी आणि संध्याकाळी ती फॉल लावत बसली. मी समोर होते. तेल बंद होऊन एकच दिवस झाला होता. पुढे झालं ते तेल बंद झाल्याने की भीतीने, मला सांगता येणार नाही. सुई दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मी उचलून दिली. टाके आता पुढून दिसत होते. तिने ते उसवले नाहीत.

"ताई, राहू दे ना."

"बोलू नकोस. मोजतेय."

"काय?"

"किती राहिला ते."

यम्ना वर आली. शाळेच्या गणवेशातच होती. "अनु आंटी, व्हेन इज अब्बा कमिंग?" अनुताईने तिला मराठीत विचारलं, जेवलीस का. तिने मान हलवली. अनुताई तिला आत घेऊन गेली आणि वरणभात कालवून दिला. बाहेर येऊन साडीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ. हेम, तू गाडी काढ. नाही काढलीस तर मी बसने जाईन. आणि मला इथल्या बस कळत नाहीत, हे तुला माहीत आहे."

काका बेडरूममध्ये गेले. दार लावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तिचे जाड मोजे होते. दोन जोड्या. "तिथे एसी असेल," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी तिने वैद्यांचा कागद टेबलावर पसरला. शहनाझने आणलेली पट्टी त्यावर खालच्या कोपऱ्यात चिकटवली. पट्टीचा चिकटपणा गेला होता. मग तिने दुसरी पट्टी फाडून वरून लावली. मी गॅलरीतून बघत होते. जाताना तिने साडी घडी करायला घेतली. सुई साडीतच होती. काका खालून हॉर्न वाजवत नव्हते, फक्त उभे होते. तिने साडी तशीच खुर्चीवर ठेवली.

"संध्याकाळी करू," ती मला म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं की नाही, मी अजून ठरवू शकलेले नाही.

पोलीस ठाण्यात ती आत गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. दुपारी एक अधिकारी बाहेर आला. सभ्य माणूस. त्याने काकांना पाणी दिलं आणि सांगितलं की आता तुम्ही घरी जा.

कागदांचं इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. त्यावरून अरबी होणार होतं. मी सेंटरमध्ये माझ्या रोजच्या टेबलावर बसून केलं. रुग्णाचं नाव, वय, तक्रार. हातापायांच्या बोटांत दाह व बधिरता. मात्रा. अनुपान. सगळ्यात खाली, शिक्क्याच्या बाजूला, बारीक अक्षरात एक ओळ छापलेली होती. सदर औषध केवळ वरील रुग्णासाठी. ज्या कागदावर तिचा एवढा विश्वास होता, त्यावरच होती. तिच्या हातची पट्टी त्या ओळीच्या खालीच चिकटवलेली. त्या ओळीचं भाषांतर मी चार वेळा केलं. चारही वेळा तेच आलं.

लियाकतभाईंचं प्रकरण हलकं झालं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं, तरी त्यांनी ते नकळत घेतलं, हे मान्य झालं. सहा आठवड्यांनी त्यांना भारतात परत पाठवलं. नोकरी गेली. पुन्हा इथे येता येणार नाही. शहनाझने घरातलं सगळं वाटून टाकलं. प्रेशर कुकर माझ्याकडे आहे. निघताना ती काकांच्या दारापर्यंत गेली आणि बेल न वाजवता परत आली. मी जिन्यातून पाहिलं. काकांनीही आतून पाहिलं असावं. दाराखालच्या फटीत त्यांची सावली होती.

अनुताईच्या तारखा पडतात. पुढे जातात. ओवेस इन्शाल्ला म्हणतो, आणि आकडा विचारला की फोनमध्ये बघतो. काका दर सुनावणीला शर्टाला इस्त्री करून जातात. फ्रीजच्या दांडीवरचा हातमोजा त्यांनी काढलेला नाही. घरातल्या बाटल्यांवर आता पट्ट्या नाहीत. लोणचं कधी उघडलं, ते त्यांना माहीत नसतं.

तिचा फोन येतो. काही मिनिटांचा. काकांना आधी, कधी मला.

"एसी फार आहे गं इथे. मोजे मिळाले. हातमोजे चालत नाहीत."

"बोटं?"

"आहेत." आणि लगेच, "इथे एक केनियाची मुलगी आहे. ती मला बटणं लावून देते. मी तिला मराठी आकडे शिकवलेत. लग्न कसं झालं?"

"चांगलं झालं."

"साडी नेसलीस?"

"दुसरी नेसले."

"वेडी आहेस. दीड हात तर राहिला होता. चाळीस मिनिटांचं काम. कुणाकडूनही करून घे."

"घेते."

"आणि सुई काढून ठेव. गंजेल. डाग पडतो."

मी हो म्हणाले.

साडी माझ्या कपाटात आहे. काकांनी दिली तशीच, उलटी घडी. सुरुवातीचे टाके बारीक आहेत, पुढून शोधूनही सापडत नाहीत. मग ते मोठे होत जातात. शेवटचे चार तर बोटाच्या पेराएवढे. त्यांच्यापुढे सुई आहे, निम्मी आत, निम्मी बाहेर. त्यापुढे दीड हात फॉल सुटा लोंबतो.